घोड्यावरचा पाद्री

१

चौकट भिंतीवर होती, काच होती, मागचा पुठ्ठाही जागच्या जागी होता. मधलं चित्र तेवढं नव्हतं.

नाथाजीनं ती खाली उतरवली, खिडकीशी नेऊन उलटीसुलटी करून पाहिली आणि पुन्हा भिंतीकडं बघितलं, चित्र तिथंच चिकटून राहिलं असेल म्हणून. साताऱ्यात चौकटी करण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, गेलेल्या माणसांचे फोटो, काय काय त्याच्या हाताखालून गेलेलं. पण नुसती काच भिंतीवर टांगलेली त्यानं उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

"बाईसाहेब," त्यानं हाक मारली. "तुमी सहा म्हनाला हुता न्हवं? हितं तर पाचच हायती."

मिस ट्रेंट पाचगणीच्या शाळेत तीस वर्षं शिकवून म्हातारी झालेली बाई. लढाई संपून चार महिने झाले होते, बोटी पुन्हा सुटू लागल्या होत्या, आणि पुढच्या आठवड्यात ती कायमची विलायतेला निघाली होती. जाताना आपली सहा चित्रं ती शाळेला देणार होती. त्यांच्या चौकटी घट्ट करायला नाथाजी साताऱ्याहून आला होता.

चित्रं मोठी गमतीची होती. सव्वाशे वर्षांपूर्वीची, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली आणि मग हातानं रंगवलेली. त्या काळी तिकडं काही पाद्र्यांना नटण्यामुरडण्याचा भारी सोस होता म्हणे, आणि चित्रकारांनी त्यांची यथेच्छ टर उडवली होती. एकात पाद्री प्रवचन सोडून आरशात स्वतःला न्याहाळतोय. एकात दोन नोकर त्याच्या पोटाचा पट्टा आवळतायत आणि बायबल पायाखाली घेतलंय. एकात न्हावी त्याचे केस कुरळे करतोय आणि दारात बारशाचं पोर रडतंय. एकात तो नाटकातल्या नटीकडं दुर्बीण लावून बसलाय, एकात पत्ते कुटतोय. नाथाजीला इंग्रजी ओ की ठो येत नव्हतं, पण हसायला इंग्रजी कशाला लागतं?

चहाला आलेले पाद्री लँगलीसाहेब हसत नव्हते. शाळेचे विश्वस्त ते. पांढरंशुभ्र कापड, चापून बसवलेले केस, सुवासिक तेलाचा वास. त्यांनी रिकामी चौकट हातात घेतली, काचेत त्यांचा चेहरा दिसला तशी कॉलर नीट केली आणि मोडक्या हिंदीत म्हणाले, "चोर घर में है. बटलर."

बटलर म्हणजे आकाराम. नाथाजीच्या सख्ख्या बहिणीचा, तानुबाईचा नवरा.

२

वीस वर्षं आकारामनं ह्या बंगल्यात काढली होती. कवठे महांकाळकडचा माळ सोडून आलेला मेंढराच्या घरचा माणूस, पण टेबल असं मांडायचा की बघत राहावं. आता बंगला बंद होणार. दुसऱ्या साहेबाकडं काम मिळायचं तर जुन्या मालकाची चिठ्ठी हवी. हा माणूस इमानी आहे, एवढ्या चार ओळी. पाचगणीत चिठ्ठीवाचून नोकराला कोणी उंबऱ्यात उभं करत नसे. बाईनं चिठ्ठी कबूल केली होती, आता पाद्रीसाहेबांनी ती अडवली.

"उद्या बारापर्यंत चित्र सापडलं नाही, तर मी वाईच्या फौजदाराला बोलावतो."

नाथाजी पुढं सरकला. त्या सालात चळवळीपायी साताऱ्याकडचे पोलीस पिसाळलेले. आत घेतलेला माणूस बाहेर कधी येईल, धड येईल की नाही, याचा नेम नव्हता.

"साहेब, दाजींवरच का?" त्यानं हात जोडून विचारलं.

"चार दिवसांमागं मी स्वतः पाहिलं. व्हरांड्यात उभा राहून त्यानं एक कागद घडी करून पटक्यात लपवला. मला बघून पांढरा पडला."

नाथाजीनं आकारामला विहिरीमागं गाठलं. "दाजी, कसला कागद हुता?"

"न्हाई सांगत."

"आवं, फौजदार येनार हाय उद्या!"

"येऊ दे."

"चित्र तुमी घेतलंय?"

"न्हाई." एवढं मात्र त्यानं डोळ्याला डोळा देऊन सांगितलं. मग मान खाली घालून बादली उचलली. दाढीचे खुंट वाढलेले, डोळे आत गेलेले. मार्गशीर्षातले खंडोबाचे सहा दिवस चालू होते, ह्यांच्या घरात घट बसलेला असणार, आणि तरी ह्या माणसाच्या कपाळावर भंडाऱ्याचं बोट नाही? नाथाजीला ते खटकलं. देवापासून लांब राहणाऱ्या माणसाच्या मनात काहीतरी असतं. काय असतं, ते विचारायचा त्याला धीर झाला नाही.

३

तसा संशय घ्यायला दुसराही माणूस होता. सांगलीचे आप्पासो, शाळेतले ड्रॉइंगमास्तर. गेले दोन महिने ते ह्या चित्रांच्या नकला करायला बंगल्यावर येत होते. नाथाजीनं चौकटीच्या खाचेत बोट फिरवलं तर बोटाला पिवळी पूड लागली, आणि पाद्रीसाहेबांनी तेवढ्यात आप्पासोंच्या पिवळ्या डागाळलेल्या बाहीकडं पाहिलं. मास्तरांनी बाही पाठीमागं नेली.

"रंग आहे तो माझा, खरं आहे!" आप्पासो नाथाजीला बाजूला ओढून कुजबुजले. "पण चित्र मी घेतलं नाही हो. मी एक आगाऊपणा केलाय. ह्या आरशातल्या पाद्र्याला लँगलीसाहेबांचं तोंड लावून एक चित्र काढलं, ते पोरांच्या हाती पडलं. तेव्हापासून सगळी शाळा साहेबांना बघून फिदीफिदी हसते. ही चित्रं शाळेत लागूच नयेत असं त्यांना वाटतंय. म्हणजे बघा, चित्र नाहीसं झालेलं कोणाला हवं होतं?"

बघा म्हणे. नाथाजीनं बघितलं, पण दिसून उपयोग काय? साहेबानं चोरी केली असं चौकटवाल्यानं म्हणायचं, म्हणजे स्वतःच्या पायांनी कोठडीत जायचं. पण पुडीचा सोक्षमोक्ष तर लावता येत होता. त्यानं कनवटीची चंची सोडली, चुन्याची डबी उघडली आणि बोटावरच्या पिवळ्या पुडीला चुना लावून चोळला.

बोट लालभडक झालं.

"रंग न्हवं ह्यो," तो सगळ्यांना दाखवत म्हणाला. "हळद हाय. चुना लागला की हळद लाल हुती, ह्ये आमच्यात लहान पोराला ठावं. मास्तरांच्या पेटीतला रंग असा पालटत न्हाई, पायजे तर लावून बघा."

आप्पासोंनी ब्रश आणून दाखवला. त्यांचा पिवळा पिवळाच राहिला. नाथाजीला क्षणभर बरं वाटलं, एक निरपराध माणूस सुटला म्हणून. तोवर पाद्रीसाहेब शांतपणे म्हणाले, "मी हळद वापरत नाही. मिस ट्रेंट वापरत नाहीत. मास्तर हळद घेऊन फिरत नाहीत. हळद स्वयंपाकघरात असते. स्वयंपाकघरात कोण असतं?"

झालं! दाजींच्या गळ्यातला फास सोडवायला गेला आणि आपल्याच हातानं आवळून बसला. कुणी सांगितली होती अक्कल पाजळायला?

त्यानं चौकट पुन्हा पालथी घातली, निदान हातांना काही काम म्हणून. मागचे बारीक खिळे काढून परत ठोकले होते. एक खिळा त्यानं चिमट्यानं ओढला. खिळ्याच्या मानेला पांढऱ्या सुताचा एक वेढा होता.

घाटावरच्या ओलीत खिळा ढिला पडू नये म्हणून सुताचा वेढा द्यायचा, ही त्याच्या बापाची रीत. कुठल्याही कारखान्यात नाही, कुठल्याही सुताराकडं नाही. बापानं ती आपल्या दोन लेकरांना शिकवली होती. त्यातला एक नाथाजी. त्यानं खिळा गुपचूप खिशात टाकला.

४

"बाईसाहेब, त्या चित्रात काय हुतं?" त्यानं विचारलं. कुणीच हे नीट सांगितलं नव्हतं.

मिस ट्रेंटला मराठी चांगलं येत होतं. "शिकारीला निघालेला पाद्री. मागं चर्चची घंटा वाजते, लोक मढं घेऊन उभे आहेत, आणि हा पांढऱ्या घोड्यावर बसून चालला. पिवळाधमक कोट, हातात उगारलेला चाबूक. पाठीमागं घोड्यावर एक बाई बसलीय. आणि घोड्याच्या पायाशी कुत्रा."

पांढरा घोडा. मागं बाई. पायाशी कुत्रा. अंगावर पिवळं. नाथाजीच्या डोळ्यांपुढं बापाच्या देव्हाऱ्यातला चांदीचा टाक उभा राहिला. अगं आई गं.

तो धावतच मागच्या चाळीत गेला. तानुबाई देवापुढं बसली होती. पितळी तांब्यावर नारळ, पानांची माळ, समईची वात मंद तेवत होती, आणि घटामागं भिंतीला टेकून उभा होता तो सव्वाशे वर्षांपूर्वीचा छानछोकी पाद्री, कपाळावर भंडाऱ्याची बोटं उमटलेली, गळ्यात झेंडूची माळ. घोडा, बाई, कुत्रा, सगळे हळदीनं माखलेले.

"ताने! ह्ये काय करून बसलीस?"

"व्हय, मीच आनलाय," ती म्हणाली. घाबरणं दूरच, तिच्या तोंडावर उलट तेज होतं. "वीस वर्सं त्या खोलीत फडकं मारतीया. देवाला वळखनार न्हाई व्हय मी? कापडं सायबाची घातल्यात, तर घालू दे की. माजा गुंडा सायबाच्या लढाईत गेलाय, ब्रम्हदेशात. तिकडं त्याला हुडकायचं तर देवानं सायबाचंच कापड घालाय पायजे."

"आगं ह्यो देव न्हवं! पाद्री हाय. लोकांनी हसावं म्हून काढलेलं चित्र हाय त्ये."

"त्येच सांगती. शाळंत लावनार हुते, पोरं हसनार हुती. देवाला हसलेलं मला खपत न्हाई. म्हून घेतला. मोकळी जागा ठेवू न्हाई म्हून त्या चौकटीत चिमूटभर भंडारा टाकून आली, चोरावानी न्हाई आली." तिनं समईत तेल घातलं. "उद्या चंपासष्टी. घट उठंल. समद्यांची पोरं आली, माजाबी येतोय का न्हाई बघ."

"दाजींना ठावं हाय?"

"त्येंनी ह्या दिसांत देवाकडं तोंडसुदीक केलं न्हाई. घट बसला तवापास्नं दारातनंच मागं फिरत्यात. का फिरत्यात, देवालाच म्हाईत."

नाथाजी उठला. आकारामच्या कोऱ्या कपाळाचा अर्थ आता त्याला लागत होता, आणि तो लागू नये असं त्याला फार वाटत होतं.

५

आकाराम लाकडं फोडत होता. नाथाजी त्याच्यापुढं जाऊन बसला.

"दाजी, कागद पोस्टातला हाय न्हवं? बंगल्याची डाक तुमीच आनता. तार हाय ती. तुमी देवाम्होरं जात न्हाई, कारन तुमाला सुतक हाय."

कुऱ्हाड लाकडातच राहिली. आकारामनं पटका सोडला, घडीतला कागद काढून दिला. इंग्रजी अक्षरं. "पोस्टमास्तरानं वाचून दावलं," तो म्हणाला. "आदी बेपत्ता हुता. आता मेला असं धरलंय म्हनत्यात. धरलंय! त्येंनी धरलं, आमी काय करावं रं?"

नाथाजीला रडू कोसळलं. गुंडा ह्याच आवारात वाढलेला पोर. साताऱ्याला आला की दुकानातल्या काचा पुसायचा आणि एक तरी फोडायचा.

"घट बसायचा त्याच दिशी आली तार," आकाराम सांगू लागला. "ती देव मांडत बसलीवती. सांगितलं असतं तर घट मोडला असता. मला कळलंय, मला सुतक. तिला कळलं न्हाई, तिला सुतक न्हाई. म्हनलं, धा म्हैनं वाट बघितली बिचारीनं, आनी सा दीस बघू दे. उद्या घट उठला की सांगतो."

"पर हा कागद पाद्रीसायबाला दावला तर तुमी सुटता!"

"आनी तासाभरात समद्या चाळीत बोंब हुईल. तिला नोकरचाकरांच्या तोंडनं कळंल? न्हाई जमायचं. मला चोर म्हनू देत."

"चित्र कुनी घेतलं ठावं हाय तुमाला?"

"दारातनं दिसतंय की," आकाराम म्हणाला आणि कुऱ्हाड उपसून घेतली.

आता काय करायचं? कोडं सुटलं होतं, अगदी बोटाच्या हळदीपासून खिळ्याच्या सुतापर्यंत. आणि सुटलेल्या कोड्याचा उपयोग शून्य. खरं सांगावं तर सख्खी बहीण चोर ठरते. खोटं चालू द्यावं तर दाजी. तार दाखवावी तर घट मोडतो. चित्र परत न्यावं तर ते हळदीनं बरबटलेलं, आणि ते उचलायला गेलं तर तानुबाई विचारणार, गुंड्याला कोण आणील? नाथाजी तासभर लाकडाच्या ढिगावर बसून राहिला.

६

शेवटी संध्याकाळी तो एकट्या मिस ट्रेंटकडं गेला आणि सगळं सांगून टाकलं.

पाद्र्याचा खंडोबा झाला हे ऐकल्यावर म्हातारी आधी हसली. पोट धरून हसली. "ज्यानं काढलं त्याला हे कळायला हवं होतं!" म्हणाली. मग नाथाजीनं तारेचं सांगितलं. तिचं हसणं तिथंच थांबलं. गुंड्याला तिनं ह्याच व्हरांड्यात बसवून मुळाक्षरं शिकवली होती. तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी उद्या सगळं नीट करते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाराला पाद्रीसाहेब आले. आप्पासो होते, आकाराम दाराशी उभा होता. मिस ट्रेंट सगळ्यांना कळेल अशा हिंदीत म्हणाली, "चित्र मीच दिलं, लँगली. तानुबाईला, भेट म्हणून. मला आठवलंच नाही काल."

पाद्रीसाहेब तिच्याकडं बघत राहिले. त्यांचा विश्वास बसला नव्हता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण बाईला खोटं पाडणं त्यांच्या सभ्यतेत बसत नव्हतं. ते जवळ गेले आणि त्याच हिंदीत इतक्या मायेनं बोलले की काल फौजदाराची धमकी देणारा माणूस हाच का, असं वाटावं. "बिचाऱ्या! तुमची स्मृती इतकी गेलीय हे मला कळायला हवं होतं. फौजदाराची गरज नाही. पण आता तुम्ही एकटीनं काही करायचं नाही. किल्ल्या माझ्याकडं द्या. बोटीवर सोबतीला नर्स पाहतो."

"लँगली, मी पूर्ण शुद्धीत आहे."

"अर्थातच." त्यांनी किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातातून हलकेच काढून घेतला.

मग टेबलावरची चिठ्ठी त्यांना दिसली. रात्री बसून तिनं ती आकारामसाठी लिहिली होती, चांगली पानभर. साहेबांनी ती वाचली, घडी घातली, आकारामला दिली. "ठेव. पण मी सगळ्या बंगल्यांना सांगणं माझं कर्तव्य आहे, की हे लिहिताना बाईंना कालचंही आठवत नव्हतं."

चोर म्हणून आकारामला पकडायचं नाही, इमानी म्हणून ठेवायचंही नाही. एका खोट्यानं कोठडी टळली आणि त्याच खोट्यानं वीस वर्षांचं इमान मातीत गेलं. मिस ट्रेंट खुर्चीत बसली होती. तिनं नाथाजीकडं पाहिलं, नाथाजीनं जमिनीकडं. आप्पासोंना चूक कुणाची हे अजून कळलं नव्हतं, ते उगीच बाही खाली ओढत उभे राहिले.

७

चाळीत वांग्याच्या भरताचा वास सुटला होता. घट उठला होता, नैवेद्य झाला होता, तानुबाईनं भंडारा उधळून येळकोट केला होता. पाचगणीत आता काम मिळणार नव्हतं, ट्रंक बांधून तयार होती. उद्या गावाकडं जायचं, त्या कोरड्या माळावर, जिथं वीस वर्षांत आकारामनं पाऊल टाकलं नव्हतं. तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

"सुटलासा न्हवं?" ती नवऱ्याला म्हणाली. "देवानं सोडवलं. आता गाव तर गाव. पोरगं तिकडंच येईल."

आकाराम दारात उभा राहिला. घट उठला होता, आता बोलायचं होतं. त्यानं नाथाजीकडं पाहिलं. नाथाजीनं मान हलवली, बोला म्हणून. आकारामनं तोंड उघडलं, ओठ हलले आणि तसेच राहिले.

तेवढ्यात तानुबाईनं ते चित्र दोन्ही हातांनी उचलून भावापुढं धरलं.

"दादा, ह्येला चांगली सागवानी चौकट कर. काच घाल. गुंडा आला की त्याच्या हातनंच भिताडाला लावू. घे माप."

नाथाजीचा हात मागं गेला. कालपासून त्यालाही ठाऊक होतं. भाच्याचं सुतक मामाला लागतं, आणि सुतकात देवाला शिवायचं नसतं. पण हात मागं घेतलेला तिला दिसला, तर ती खंडोबाच्या घरात वाढलेली, देवाधर्मातली बाई. माणूस देवापासून मागं का सरतो हे तिला सांगावं लागलं नसतं.

"थांबलास का रं?" तिनं विचारलं. तिच्या कपाळाला बारीकशी आठी पडली. ती भावाकडं बघत होती, मग दारातल्या नवऱ्याकडं बघू लागली.

नाथाजीनं खिशातली सुतळी काढली आणि घोड्याच्या कानापासून माप घ्यायला सुरुवात केली.